पेटी बरोबर होती

परवा पेटीवाल्याला तीनशे रुपये देऊन आलो आणि वर त्याचं बोलणंपण ऐकून आलो, त्याची ही गोष्ट.

माझ्याकडं एक सीडी आहे, पेर्गोलेसी ह्या इटालियन संगीतकाराचं 'स्टाबात माटर', चर्चमधलं लॅटिन स्तोत्र. एमा कर्कबी आणि जेम्स बोमन गातात, साथीला क्रिस्टोफर हॉगवुडचा वाद्यवृंद, अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक. अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गवयाच्या कोल्हापुरात राहून हे काय ऐकतोस असं मित्र म्हणतात, म्हणू देत. रविवारी बाहेर धो धो पाऊस, आई मटार सोलत बसलेली, मी सीडी लावली आणि म्हटलं बघू तरी सा कुठला आहे म्हणून तिची भजनी मंडळाची पेटी ओढली. कव्हरवर लिहिलंय एफ मायनर, म्हणजे सा पांढरी चार. दाबली तर काहीच जुळेना. एक पट्टी खाली आलो, पांढरी तीन, तर अगदी चपखल! मला वाटलं झालं, पावसाची हवा लागून सगळे सूर चढले. तशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून ॲक्टिव्हावर पुढ्यात घेऊन गेलो. पेटीवाल्यानं भाता काढला, सूर बघितले, फुंकून साफ केले आणि म्हणाला, "भावा, पेटी एक नंबर आहे, तुझं गाणंच उतरलंय."

आणि खरंच गाणंच उतरलेलं. हे लोक जुन्या पद्धतीनं वाजवतात, तातीच्या, म्हणजे आतड्याच्या तारा वगैरे, आणि त्यांचा 'ए', म्हणजे पांढरी सहा, सेकंदाला ४१५ कंपनांवर लावतात, हल्ली सगळीकडं ४४० असतो, म्हणजे बरोब्बर एक पट्टी खाली. त्या काळात गावागणिक पट्टी वेगळी असायची, ४१५ हे नंतरच्या लोकांनी सोयीसाठी ठरवलेलं. हे मला वाचून माहीत होतं हो, पण ऐनवेळी डोक्यात येईल तर शपथ.

असो, पण मला सांगायचंय ते सुरुवातीबद्दल. खाली चेलोची, म्हणजे त्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याची, पावलं एकसारखी पडत असतात, ना पळत ना थांबत, आणि वर एक आवाज सूर धरून उभा राहतो, दुसरा येतो तो नेमका त्याला चिकटून शेजारच्या सुरावर. पेटीवर सा आणि रे एकदम दाबून बघा कसं किरकिरतं ते, तसंच. मग पहिला एक पायरी खाली सरकतो, जरा जीव भांड्यात पडतो, पडतोय तोवर परत पुढची घासाघीस, आणि असं करत करत सगळंच वर चढत जातं. आपल्याकडं दोघं गायला बसले तरी असे दोन वेगळे सूर लावून धरत नाहीत, कुणी धरलेच तर श्रोते मान खाली घालतात. आई म्हणाली, "ह्या दोघी भांडायल्यात का रडायल्यात?"

दोघी नव्हत्याच. बोमन बाप्या माणूस, काउंटरटेनर, खोट्या आवाजात बाईच्या पट्टीत गाणारा. आईला काही विशेष वाटलं नाही, केशवराव भोसल्यांच्या गावातली ती, त्यांनी बाईच्या वेशात स्टेजवर केलेल्या शारदेच्या गोष्टी ऐकतच मोठी झालेली. कर्कबीचा आवाज मात्र तिला आवडला, सरळ, सुईतनं दोरा काढल्यासारखा, उगाच थरथर नाही.

मग अर्थ विचारला. म्हटलं पोराला क्रूसावर चढवलंय आणि आई खाली उभी आहे, पहिल्या शब्दाचा अर्थच उभी होती. "अख्खा वेळ उभीच?" म्हणाली, "आपल्यात देव उभा, ह्यांच्यात आई."

पेर्गोलेसीनं हे लिहिलं १७३६ ला, नेपल्सजवळ पोझ्झुओलीच्या मठात, क्षयानं खंगत, आणि त्याच वर्षी गेला, वय फक्त २६. तेव्हा इकडं पन्हाळ्यावर दुसरे संभाजीराजे. पुढं पाद्री मार्तिनी म्हणून संगीतातले एक मोठे शास्त्रीबुवा होते, त्यांची तक्रार की हे ह्याच्या विनोदी नाटकासारखंच वाजतं. अगदीच खोटं नाही ते. मधे बोमनचं 'क्वे मेरेबात' आहे, शब्द सगळे दुःखाचे आणि चाल ठुमकत चाललेली, कीर्तनात बुवांनी मधेच नाट्यपद घ्यावं तशी. मी पूर्वी ते पुढं ढकलायचो, आता ढकलत नाही, पण आवडतं असंही नाही. बाख ह्या जर्मन संगीतकाराला मात्र एवढं भावलं की त्यानं जर्मन शब्द घालून अख्खंच उचललं.

बारा तुकडे आहेत, चाळीसेक मिनिटं. शेवटच्या आमेनला मटार सोलून झालेले. आई उठता उठता म्हणाली, "पहिलं परत लाव, ते भांडणाचं," आणि जाता जाता पेटीवर पांढरी तीन दाबून बघितली.