नी-ओलेसुंडला फील्डवर्कला जाताय? थंडी सोडून बाकी सगळ्याची काळजी करा

आर्क्टिकला जाऊन आले म्हटलं की जो भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतो, किती थंडी होती गं? अहो, जुलैमध्ये तिथे पाच-सहा डिग्री असतं, वारा सुटला की झोंबतं हे खरं पण हिवाळ्यात मनालीला जाऊन आलेल्या माणसाला त्यात फार काही वाटू नये. डोक्याला ताप होतो तो कागद, पेट्या आणि बोटीच्या वेळा यांचा. पुढच्या समर सीझनला जाणाऱ्या पीएचडीवाल्यांसाठी हे लिहितेय, त्यामुळे ध्रुवीय प्रकाश वगैरे फोटो शोधत आला असाल तर सॉरी, उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ७८ अंश ५५ मिनिटं उत्तरेला नी-ओलेसुंड नावाची वस्ती आहे, पूर्वी कोळशाची खाण होती, १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण कायमची बंद झाली. आता तिथे दहाएक देशांची संशोधन केंद्रं आहेत, आपलं ‘हिमाद्री’ २००८ पासून आहे आणि ते गोव्यात वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या एनसीपीओआरकडून (राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) चालतं. प्रपोजल तिथेच जातं. तुमच्या गाइडचा प्रोजेक्ट मंजूर असेल तर टीममध्ये तुमचं नाव घालता येतं, नाहीतर नवी प्रपोजलं मागवणारा कॉल निघायची वाट बघायची. गोव्याच्या दमट उकाड्यात पोलर जॅकेटची साइज ट्राय करणं हा या प्रवासातला सगळ्यात घामाघूम क्षण, पण ते नीट करा, आत लोकरीचे दोन थर घालून जॅकेट बसतंय का आणि हात डोक्यावर नेता येतो का ते तिथेच बघा.

आता व्हिसा, कारण इथे लोक अडकतात. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे खुद्द स्वालबार्डला कोणालाच व्हिसा लागत नाही (त्या करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचीही सही आहे). पण जायचं ऑस्लोवरून, म्हणजे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) लागतोच, आणि स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही. ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून पुढे निघताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि परत येताना तुमची दुसरी एंट्री धरली जाते. म्हणून सिंगल एंट्री व्हिसा घेऊन गेलात तर जाल मजेत आणि परतताना लटकाल. फॉर्म भरताना डबल किंवा मल्टिपलच मागा, कव्हर लेटरमध्ये कारण दोन ओळीत लिहा, आणि व्हिसा हातात आला की एजंटच्या नाही, स्वतःच्या डोळ्यांनी तो एंट्रीचा कॉलम वाचा. याच्याआधी ‘रिसर्च इन स्वालबार्ड’ या पोर्टलवर प्रोजेक्ट रजिस्टर झालेला पाहिजे, सॅम्पलिंगची परवानगी गव्हर्नरच्या ऑफिसकडून येते आणि ती यायला वेळ लागतो, तेव्हा जूनच्या ट्रिपसाठी मे महिन्यात धावपळ करून काहीही हाती लागत नाही.

सामान. लाँगयरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावापासून पुढे छोटं विमान आहे, पंचवीसएक मिनिटांची फ्लाइट, आणि त्यात बॅगेचं वजन कडक मोजतात. जड पेट्या काही महिने आधी जहाजाने पाठवायच्या. इन्स्ट्रुमेंट परत आणायचं असेल तर एटीए कार्ने (सामान तात्पुरतं बाहेर नेऊन परत आणायचा कस्टम्सचा कागद) करून घ्या म्हणजे कस्टम्सला दोन्हीकडे समजावत बसायला नको. लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेतच, आणि शंभर वॉट-अवरच्या वरची असेल तर एअरलाइनला आधी विचारून. फॉर्मॅलिन, अॅसिटोन असली रसायनं इथून न्यायचा विचारही करू नका, तिथल्या मरीन लॅबला आधी मेल करून मागवून ठेवा. माझी एक बॅग मधल्या कुठल्यातरी एअरपोर्टवरच राहिली आणि मागाहून आली, पण फिल्टर पेपर, लेबलं आणि एक जोडी थर्मल हँडबॅगेत होते त्यामुळे काम अडलं नाही. तेव्हा ज्याच्यावाचून पहिल्या दिवशी काम थांबेल ते सगळं स्वतःबरोबर ठेवा.

पोहोचल्यावर पहिली गोष्ट, फोन एअरप्लेन मोडवर. ही शिस्त म्हणून नाही, तिथे मोठे रेडिओ अँटेना आहेत जे क्वेसारकडून, म्हणजे फार लांबच्या तेजस्वी आकाशगंगांच्या केंद्रांकडून येणारे अगदी क्षीण सिग्नल ऐकून पृथ्वी कशी हलतेय ते मोजतात, त्यामुळे वीस किलोमीटरच्या परिसरात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद. आता यातून काय काय बाद होतं ते घरीच मोजा: स्मार्टवॉच, वायरलेस माऊस, इअरबड्स, आणि मुख्य म्हणजे ते नवे सेन्सर लॉगर जे फक्त ब्लूटूथवरूनच डेटा देतात. असं यंत्र असेल तर वेगळी परवानगी लागते, नाहीतर केबलवालं मॉडेल न्या. इंटरनेट आहे आणि चांगलं आहे, पण वायरने, आणि आजकालच्या पातळ लॅपटॉपला लॅन पोर्ट नसतो. तो पाच-सातशे रुपयांचा अॅडॉप्टर पुण्यातून घेऊन जा, तिथल्या दुकानाच्या भरवशावर राहू नका, ते अगदी छोटं आहे आणि थोडाच वेळ उघडतं. याच कारणासाठी मुलींनो, सॅनिटरी सामान पूर्ण मुक्कामाला पुरेल असं न्या. औषधांचंही तेच.

अस्वलाचं सांगते. वस्तीच्या बाहेर पाऊल टाकायचं तर रायफल आणि फ्लेअर पिस्तूल लागतं, आणि ते वापरायचं ट्रेनिंग घेतल्याशिवाय देत नाहीत. आपल्यातल्या बहुतेकांनी एनसीसी सोडली तर बंदूक हातात धरलेली नसते, तेव्हा पहिल्यांदा खांद्याला धक्का बसला की हसू येतं, पण इन्स्ट्रक्टर हसत नाही. वस्तीत रायफल लोड करायची नाही, हा नियम डोक्यात पक्का बसवा. बाहेर जाताना कुठे जाताय, कधी परत येणार ते नोंदवायचं आणि व्हीएचएफ रेडिओ बरोबर ठेवायचा. २०२५ पासून अस्वलापासून किमान तीनशे मीटर लांब राहायचा कायदा आहे, मार्च ते जून पाचशे. मला दिसलं का? नाही, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. रोजचा खरा शत्रू म्हणजे आर्क्टिक टर्न. हा पक्षी रस्त्याच्या कडेलाच अंडी घालतो आणि तुम्ही जवळून गेलात की सरळ टाळक्यावर चोच मारतो. उपाय एकच, डोक्याच्या वर एक काठी धरून चालायचं, तो सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो. दोन पीएचडी स्कॉलर हातात काठ्या उभ्या धरून मेसकडे निघालेत हे दृश्य दिंडीसारखं दिसतं.

आता कामाचं. आमचं काम काँग्सफियॉर्डच्या, म्हणजे नी-ओलेसुंडला लागून असलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या पाण्यातल्या वनस्पती-प्लवकांवर (तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर) होतं. हा फियॉर्ड का महत्त्वाचा, तर पश्चिमेकडून अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरतं आणि पूर्वेकडून हिमनद्यांचं गोडं पाणी येतं, दोघांची मारामारी इथे होते. २००६ च्या हिवाळ्यापासून आतल्या भागात पूर्वीसारखा बर्फ धरत नाही. आपल्या लोकांनी २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा १९२ मीटर खोलीवर याच फियॉर्डमध्ये सोडली ती याचसाठी, वर्षभर तापमान आणि क्षारता मोजायला.

बोटीवर जायच्या आधी तो जाड तरंगणारा सूट चढवावा लागतो, आणि तो चढवायच्या आधी टॉयलेटला जाऊन या, नंतर तीन-चार तास सोय नाही. क्रोनेब्रीन हिमनदीच्या जवळ जाल तसं पाणी हिरवट-निळ्याचं विटकरी होत जातं, कारण हिमनदी खालचा लाल वालुकाश्म किसून आणते. फोटोत भारी दिसतं, पण लॅबमध्ये हेच पाणी रडवतं. फियॉर्डच्या तोंडाशी दोन लिटर पाणी सहज गाळून होतं आणि इथे अर्ध्या लिटरलाच फिल्टरवर लाल चिखलाचा थर बसतो, पंप घरघरत राहतो आणि पाणी थेंबथेंब पडतं. घाई करून व्हॅक्यूम वाढवलात तर पेशी फुटतात आणि क्लोरोफिलचे आकडे बोंबलतात. म्हणून आतल्या स्टेशनांना कमी पाणी घ्या, पण प्रत्येक फिल्टरला किती गाळलं ते त्याच क्षणी लिहा, पेन्सिलने, पेनची शाई ओली होते. लेबलं भारतातच लिहून नेलीत तर रात्री दोन वाजता (बाहेर लख्ख ऊन असतं, झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्याच) तुम्ही मला दुवा द्याल. हातमोजे पातळ लोकरीचे आणि त्यावर एक साइज मोठे नायट्राइल, अशी जोडी केली की बोटं चालतात आणि सॅम्पलही घाण होत नाही. परत आणताना ड्राय शिपर (द्रव नायट्रोजन शोषून सॅम्पल गोठवून ठेवणारा डबा) वापरा, ड्राय आइसच्या भरवशावर एवढे फ्लाइट बदलणं म्हणजे जुगार.

हवामान किती दिवस खातं ते सांगता येत नाही. धुकं, वारा, बोट दुसऱ्या कोणी घेतलेली. अशा वेळी खोलीत बसून कुढू नका, मेसमध्ये जाऊन बसा. सगळ्या देशांचे लोक एकाच मेसमध्ये जेवतात, चप्पल-बूट बाहेर काढून मोज्यांवर, अगदी आपल्या घरासारखं, आणि तिथे प्रोफेसर आणि पीएचडी असा भेद फारसा कोणी करत नाही. शाकाहारी असाल तर आधी कळवा, व्यवस्था करतात, पण तिखटाची पुडी स्वतःची असू द्या. शनिवारी रात्री लोक जरा नीट कपडे घालून जेवायला येतात, तेव्हा एक बरा शर्ट किंवा कुर्ता बॅगेत टाका. आमची एक अडलेली फेरी याच टेबलावर सुटली, जर्मन-फ्रेंच स्टेशनवरच्या एका मुलीच्या बोटीत दोन जागा रिकाम्या होत्या आणि तिला आमच्याकडच्या रिकाम्या बाटल्या हव्या होत्या. पण डेटा शेअर करायचा असेल तर पेपरवर कोणाचं नाव येणार ते तिथेच बोलून मेलवर टाका. ज्युनिअर माणूस बोटीवर भिजतो आणि नंतर त्याचं नाव आभारात जातं, हे सगळ्याच देशांत होतं.

हिमाद्री नाही जमलं तर बाकी वाटाही आहेत. दक्षिण महासागराच्या मोहिमा असतात, २०२० ची अकरावी मोहीम मॉरिशसच्या पोर्ट लुईहून निघाली होती आणि तिचं नेतृत्व पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाकडे होतं. तिथे सब-अंटार्क्टिक पट्टा ओलांडताना चाळीस अंशांच्या खाली समुद्र जो काही हलवतो त्यापुढे आमची फियॉर्डातली बोट म्हणजे पाळणा, तेव्हा उलटीच्या गोळ्या जहाजावर चढायच्या आधी घ्यायच्या, नंतर नाही. अंटार्क्टिकाला मैत्री किंवा भारती या आपल्या केंद्रांवर जायचं तर एम्समधली मेडिकल आणि औलीचं बर्फातलं ट्रेनिंग यांचा वेळ धरून चाला. आणि लाँगयरब्येनमध्येच युनिस म्हणून युनिव्हर्सिटी सेंटर आहे, मास्टर्स-पीएचडीवाल्यांना कोर्स करता येतात, राहण्या-खाण्याचा खर्च मात्र भरपूर, त्यासाठी ट्रॅव्हल ग्रँट आधी शोधा. एपेक्स ही तरुण पोलर संशोधकांची संघटना आहे, मेंबरशिप फुकट आहे, फेलोशिप आणि मोहिमेच्या जहाजांवरच्या बर्थच्या जाहिराती तिथे आधी कळतात.

परतीचं शेवटचं. लाँगयरब्येनमध्ये निदान एक रात्र मोकळी ठेवून ऑस्लोचं तिकीट काढा, कारण धुक्यात छोटं विमान उडत नाही आणि पुढची फ्लाइट चुकली तर नॉर्वेतल्या हॉटेलचं बिल स्टायपेंडमधून भरताना डोळ्यात पाणी येतं. बोर्डिंग पास आणि सगळ्या पावत्या जपून ठेवा, टीए बिलाला ओरिजिनल लागतात. थर्मल पेपरवरच्या पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढा, दोन महिन्यांत त्यांच्यावरचं सगळं उडून जातं आणि अकाउंट्स सेक्शन कोरा कागद मंजूर करत नाही.