महालक्ष्म्या, वातींचा कापूस आणि एकवीस लॅप

आजही कुणी मोटोजीपीचं, म्हणजे मोटरसायकलींच्या त्या जागतिक रेसचं, नाव काढलं की आमच्या घरात दोन पार्ट्या पडतात, एक काकूची आणि एक काकांची, मी अर्थातच काकांच्या पार्टीत. कारण झालं असं की मोटोजीपी पहिल्यांदा भारतात यायची होती, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, म्हणजे तिथल्या रेस ट्रॅकवर, तारखा २२ ते २४ सप्टेंबर २०२३, आणि त्या वर्षी महालक्ष्म्यांचं जेवण बरोब्बर २२ ला. ग्वाल्हेरला मराठी घरात गणपती आणि महालक्ष्म्या म्हणजे काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल, नागपूर-पुण्याला माणूस एखादवेळी सुट्टी मारेल, इथे लश्कर भागात अर्धी मराठी आळी एकमेकांकडे जेवायला असते आणि कोण आलं नाही याची नोंद पुढच्या वर्षीपर्यंत राहते.

त्यामुळे शुक्रवार गेलाच. शुक्रवारच्या प्रॅक्टिसचं तिकीट खिशात ठेवून मी पंगतीत वरण वाढत होतो.

शनिवारी मात्र निघायचं हे काकांनी ठरवलं होतं. मी नाही, काकांनी. माझे काका तेव्हा अडुसष्टचे, बँकेतून रिटायर, गुडघा दुखतो, पण १९८५ साली त्यांच्याकडे आरडी ३५० होती. यामाहाची आरडी, इथे एस्कॉर्ट्सवाले राजदूत म्हणून बनवायचे, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. गाडी विकून तीस वर्षं झाली तरी ते "माझी आरडी" असंच म्हणतात, होती वगैरे नाही, आहे. विकली का, तर पेट्रोल पिते म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

काकू म्हणाली, "विसर्जनाला घरात पुरुष माणूस नको का एक तरी? दोरे घ्यायला तरी थांबा." काका म्हणाले, "महालक्ष्म्या दरवर्षी येतात, हे लोक पहिल्यांदाच येतायत." काकू पुढचे दोन तास बोलली नाही, पण पहाटे साडेतीनला डबा मात्र तयार होता, पुरणपोळ्या आणि मिरचीचं लोणचं. वर एक वाक्य, "तुपाची बाटली वेगळी दिलीय, सांडू नका."

रस्ता आम्हाला सोपा. मुरैना, मग चंबळचा पूल, धौलपूर, आग्रा, आणि तिथून यमुना एक्स्प्रेसवे जो थेट सर्किटच्या दारापर्यंतच जातो म्हणा ना. सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आतलं प्रकरण, मुंबईहून येणाऱ्यांपेक्षा आमचं नशीब चांगलं. आग्र्याला बेडई खाल्ली (डबा होता तरी, काकूला सांगू नका). एक्स्प्रेसवेवर शंभरची लिमिट आहे आणि मी तिच्या आतच होतो, पण शेजारून पोरं सुपरबाईक घेऊन अशी जात होती की काका दर वेळी मान वळवून बघायचे आणि म्हणायचे, "हे तर इथेच रेस करतायत, आपण पुढे कशाला चाललोय."

पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर डबा उघडून पुरणपोळ्या खाल्ल्या. शेजारच्या गाडीत पुण्याची चार पोरं, पिवळे टीशर्ट, पाठीवर ४६, त्या नंबरचा रायडर रॉसी रिटायर होऊन दोन वर्षं होत आली होती तरी. पोळीचा वास आल्यावर मराठीत विचारलं, कुठले तुम्ही? ग्वाल्हेर म्हटल्यावर नेहमीचा प्रश्न आला, "ग्वाल्हेरला मराठी लोक असतात?" काकांनी त्यांना एकेक पोळी दिली आणि सोबत अर्धा तास दौलतराव शिंदे, १८१० साली वसवलेलं लश्कर, सगळं वाढलं. पोरं बिचारी ऐकत होती, पोळीला काही बोलता येत नाही ना.

आमची सीट लांब स्ट्रेट संपतो तिथल्या वळणाजवळ होती. बुद्धचा मागचा स्ट्रेट एक किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे गाडी तिथे पूर्ण वेगात येते आणि मग आमच्या समोर ब्रेक मारते. स्टार्ट-फिनिशसमोरची तिकिटं महाग होती म्हणून ही घेतली होती आणि मला वाटत होतं आपण कमी पैशात कमी बघणार. तसं काही झालं नाही. पण ते नंतर, आधी आवाज.

आवाजाबद्दल सगळे सांगतात, आवाज खूप असतो, आवाज अंगावर येतो. मी घरी टीव्हीवर दहा वर्षं रेस बघितलेला माणूस, मला वाटलं माहीत आहे. काही माहीत नव्हतं. कानाचे प्लग घरीच विसरलो होतो, ऑनलाइन मागवलेले, पाकीट न फोडता टेबलावर राहिले. पहिली मोटोजीपी बाईक समोरून गेली आणि मी दोन्ही हात कानावर ठेवले. काकांनी शांतपणे शर्टाच्या खिशातून कापसाचा गुंडाळा काढला, अर्धा तोडून मला दिला, अर्धा स्वतःच्या कानात घातला. कुठून आणला विचारलं तर म्हणाले, "बघ तू समोर."

टीव्हीवर काय होतं की कॅमेरा बाईकबरोबर पळतो, त्यामुळे वेग कळतच नाही, दोन बाईक एकमेकींच्या शेजारी निवांत चाललेल्या दिसतात. तिथे बसल्यावर बाईक लांबून एक ठिपका, मग ठिपका नाहीच, बाईक, आणि मग ब्रेक. तो ब्रेक मला अजून दिसतो. मागचं चाक जमिनीला टेकलंय की नाही कळत नाही, शेपटी डावी-उजवी हलते, आणि रायडर आतल्या बाजूचा पाय फूटपेगवरून काढून हवेत सोडतो. काका ओरडलेच, "अरे पाय काय काढतोय, पडेल तो!" मग पुढचा आला, त्यानेही काढला. तिसऱ्यानेही. पाचव्यानंतर काका म्हणाले, "फॅशन आहे होय." आणि मग कोपर जवळजवळ जमिनीला लावून गाडी वळते, आणि हे सगळं तुम्ही एक श्वास घेता तेवढ्यात संपतं.

दुपारी पाऊस आला. शनिवारी स्प्रिंट असते, अर्ध्या अंतराची छोटी रेस, २०२३ पासूनच सुरू झालेली, आणि ती तास-दीड तासाच्या पावसाच्या खोळंब्यात अडकली. आम्ही दोघं एका छत्रीत, ती पण काकूची, फुलाफुलांची. मला वाटलं गेली आजची रेस. पण झाली, अकरा लॅपची (लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी), आणि तिथेच मला ट्रॅकवर बसून रेस बघायची गंमत कळली.

बेझेक्की पोलवर होता, म्हणजे सगळ्यात पुढे उभा. लाईट गेले, स्टार्ट झाला हे आम्हाला फक्त लांबून आवाजावरून कळलं. आमच्यापर्यंत गाड्या यायला वेळ लागतो. आम्ही मोजतोय, पहिला मार्टिन, मग बाकीचे, आणि बेझेक्की नाहीच. सगळा घोळका निघून गेला आणि मग शेवटी शेवटी पिवळट बाईक आली. काय झालं असेल? त्याच्याच टीमचा मारिनी कुठाय? तो आलाच नाही. मग मोठ्या स्क्रीनवर दाखवलं, पहिल्याच वळणावर मारिनी आपल्याच टीममेटला जाऊन भिडला होता, मारिनीची कॉलरबोन मोडली. टीव्हीवर हे आधी दिसलं असतं आणि कॉमेंटेटरने समजावलं असतं, इथे आम्ही आधी रिकामी जागा बघितली आणि मग कारण. काकांना हे फार आवडलं. त्यानंतर दर लॅपला ते बोटावर मोजायचे, "एक कमी आहे," "हा दोन नंबर वर आला," आणि मी स्क्रीनवर बघून सांगायचो बरोबर की चूक. स्प्रिंट मार्टिनने मारली, बग्नाया दुसरा, मार्क मार्केझ तिसरा. बेझेक्की मागून येऊन पाचवा. काका म्हणाले, "उद्या हा पोरगा."

रात्री परी चौकाजवळ एका लॉजवर राहिलो. काकूचा फोन आला, महालक्ष्म्या नीट गेल्या, शेजारच्या जोशी काकांनी उचलल्या. काका फक्त "हं" म्हणाले. मग मला म्हणाले, "उद्या चोवीस लॅप ना?" मी फोनवर बघितलं तर उन्हामुळे आणि दमटपणामुळे रेस कमी केली होती, चोवीसच्या एकवीस. काका उठून बसले. "एकवीस? मग झालं, बाप्पाचा आकडा आहे, काकूला सांग आम्ही इथे एकवीस वाहून येतो."

रविवारी ऊन असं की पावसाची आठवण येत होती. मोठ्या रेसच्या आधी मोटो थ्री आणि मोटो टू या खालच्या क्लासच्या रेस. मोटो थ्रीच्या गाड्या लहान, २५० सीसी, एक सिलिंडर, पण त्या सगळ्या एका झुंडीत येतात, मोहोळ उठल्यासारख्या. मासिया जिंकला. मोटो टू अकोस्ताने. काका मात्र नाराज, कारण धूर नाही. त्यांना वाटत होतं रेस म्हणजे टू-स्ट्रोकचा तो वास, जळक्या ऑइलचा. मी सांगितलं काका ते संपलं, वरच्या क्लासमध्ये २००२ पासून फोर-स्ट्रोक आले आणि १२५ ची लहान टू-स्ट्रोक रेससुद्धा २०११ नंतर बंद झाली. "मग लोक वास कशाचा घेतात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी त्यांना खूश करायला आकडे सांगितले. बाईकचं कमीत कमी वजन १५७ किलो, म्हणजे आपली बुलेट याहून जड. टाकी बावीस लिटरची. रेस साधारण एकशेचार किलोमीटर. काका थांबले, हिशोब केला, बँकेतला माणूस. "म्हणजे लिटरला पाच?" मी म्हटलं हो, साधारण तेवढंच. "आणि माझ्या आरडीला पेट्रोल पिते म्हणत होते तुझे आजोबा!" हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या ओळीतले लोक वळले. पुढचे दहा मिनिटं ते कुणाला तरी हे सांगायला शोधत होते.

रेस सुरू झाली आणि तिसऱ्या-चौथ्या लॅपला मी बघतो तर काकांनी कानातला कापूस काढला होता. मी ओरडून खुणा केल्या, घाला परत, बहिरे व्हाल. त्यांनी हाताने थांब म्हटलं. गाड्या येत होत्या, पुष्कळशा डुकाती, त्या वर्षी ग्रिडवर बावीसमध्ये आठ डुकातीच होत्या, सगळ्यांचा आवाज एकसारखा, जाडा, फाटल्यासारखा. आणि मग एक आली जिचा आवाज जरा वेगळा होता, बारीक, गोल. काका म्हणाले, "ही. ही आपली." न बघता. मी स्क्रीनवर बघितलं, क्वार्टारारो. यामाहा. बाकी सगळे कारखाने व्ही-फोर इंजिन (चार सिलिंडर व्ही आकारात) लावायचे, यामाहा तेव्हा एकटी चार सिलिंडर एका ओळीत लावायची, त्यामुळे आवाज वेगळा, हे मला पुस्तकी माहीत होतं, पण दोन दिवस मला स्वतःला तो वेगळा ऐकू आला नव्हता. काकांना आला. पुढच्या प्रत्येक लॅपला डोळे मिटून बसायचे आणि यामाहा आली की बोट वर करायचे. एकदाही चुकले नाहीत. बरं, एकदा चुकले, ती मोर्बिडेलीची होती, पण तीही यामाहाच.

पुढे बेझेक्की एकटाच निघून गेला, काकांचं भाकीत. बग्नाया दुसऱ्या नंबरवर असताना पडला, चॅम्पियनशिपमध्ये पुढे असलेला माणूस, आणि स्टँडमधून जो आवाज आला तो बाईकच्या आवाजाच्या वर गेला. मार्टिनच्या सूटची चेन मधेच उघडली, माणूस रेस चालवतोय आणि चेन लावतोय. शेवटच्या लॅपला क्वार्टारारो त्याच्या पुढे गेला, काका चक्क खुर्चीवर उभे राहिले, गुडघ्यासकट, आणि दोन-चार वळणांत मार्टिनने परत गाठलं. बेझेक्की, मार्टिन, क्वार्टारारो. काका खाली बसले आणि म्हणाले, "तिसरा. चालेल. गाडी म्हातारी आहे." गाडी त्याच वर्षीची होती, पण मी काही बोललो नाही.

नंतर कळलं की मार्टिन रेस संपल्यावर उन्हाने इतका थकला होता की त्याला बसवून पाणी द्यावं लागलं. स्टँडमध्ये आमचीही अवस्था काही वेगळी नव्हती, फक्त आम्हाला कुणी पंखा घातला नाही.

परत येताना चंबळच्या पुलावर रात्रीचा एक वाजला होता. काका झोपलेत असं वाटत होतं, पण पूल लागल्यावर म्हणाले, पुढच्या वर्षी काकूला पण आणू. पुढच्या वर्षी, २०२४ ला, रेस झालीच नाही, रद्द झाली, तेव्हा तो विषय तिथेच राहिला.

सोमवारी सकाळी आरतीच्या आधी काकू देवघरात सगळं उलटंपालटं करत होती. नवा वातींचा कापूस, गणपतीसाठी खास आणलेला, अर्धा कुठे गेला कळत नाही म्हणे. काकांना हाक मारली, एकदा, दोनदा. काका टीव्हीसमोर, ऐकू आलंच नाही. आता खरंच ऐकू आलं नाही की काय, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.