सुटी मशीनं आम्ही विकत नाही

मी इंग्लंडमध्ये नक्की काय काम करतो, हे घरी फोनवर सांगताना दर वेळी नाकी नऊ येतात. "जुनी मशीनं विकतो" म्हटलं की ऐकणाऱ्याला भंगारवाला आठवतो, आणि "रिस्टोरेशन" म्हटलं की तो म्युझियमची तिकिटं विचारतो. तर एकदाच लिहून टाकतो. लेस्टरजवळच्या एका शेडमध्ये आम्ही चार माणसं सुतारकामाची जुनी मशीनं अख्ख्या वर्कशॉपसकट विकत घेतो. ती पार उघडून दुरुस्त करतो आणि पुन्हा अख्खं वर्कशॉप म्हणूनच विकतो. "तेवढा प्लेनर द्या ना" म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाला शक्यतो हात जोडतो.

यात हट्टीपणा वाटेल, पण हिशोब साधा आहे. सॉ-मिलमधून आलेली फळी कधी सरळ नसते. प्लेनरवर तिची एक बाजू आणि एक कड सरळ होते, थिकनेसरवर जाडी एकसारखी होते, मग करवतीवर रुंदी आणि लांबी. त्यानंतर चौकोनी भोक पाडणारं मॉर्टायझर, त्या भोकात बसणारी कूस काढणारं टेनोनर आणि शेवटी कडेच्या नक्षीसाठी स्पिंडल मोल्डर. प्रत्येक मशीन आधीच्या मशीनच्या कामावर विसंबून असतं. वर्कशॉप सुटं सुटं विकलं की प्लेनर आणि करवत पहिल्या आठवड्यात उचलली जातात. टेनोनर, मॉर्टायझर आणि लेथ मात्र कोपऱ्यात धूळ खात बसतात आणि शेवटी किलोच्या भावाने जातात. आमचा म्हातारा मालक ज्यांना मागणी आहे त्यांच्या गळ्यात नावडती बांधतो. सगळे त्याला पहिल्या नावाने हाक मारतात, मीही मारतो, पण अजून जीभ जरा अडखळते.

लेस्टर हे या धंद्याचं माहेरच म्हणा. १८९७ मध्ये जोसेफ वॅडकिन यांनी इथेच कंपनी सुरू केली, आणि पुढे ग्रीन लेनवरच्या कारखान्यातून निघालेल्या मशीनवरची 'वॅडकिन, लेस्टर' ही ओतीव अक्षरं जगभर गेली. तिथे आता मशीनं बनत नाहीत. पण शेडमध्ये येणाऱ्या मालात निम्म्याहून जास्त वॅडकिनच असतं. बाकीचं रॉचडेलचं रॉबिन्सन, हॅलिफॅक्सचं डॉमिनियन आणि सॅगर, जिलिंगहॅमचं स्टार्टराइट. वॅडकिनची मशीनं अक्षरांनी ओळखतात: पीके म्हणजे सरकत्या टेबलाची करवत, आरएस म्हणजे पॅटर्नमेकरचा, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणाऱ्याचा, लेथ. महिनाभरात मीही "तो पीके कुठे ठेवू?" असं बोलायला लागलो.

माल येतो तीन ठिकाणांहून. शाळांमधले सुतारकामाचे वर्ग बंद होतात तेव्हा, फाउंड्रीचं पॅटर्न-शॉप बंद होतं तेव्हा, आणि एखादा म्हातारा सुतार थकतो किंवा जातो तेव्हा. शाळेचा माल सगळ्यांत चांगला, कारण मुलांनी तो आठवड्यातून काही तासच चालवलेला असतो. सुताराचा माल झिजलेला असतो, पण त्याच्यासोबत कपाटं येतात. कपाटांमध्ये गेज, फेन्स (लाकूड टेकवून सरकवायच्या सरळ पट्ट्या), स्पिंडलच्या रिंगा, चाव्या, आणि हाताने घासलेले कटर. एका शेडमध्ये प्रत्येक कटरच्या जोडीला सुतळीने लाकडाचा छोटा तुकडा बांधलेला होता, त्या कटरने निघणाऱ्या नक्षीचा. कुठल्या गल्लीतल्या खिडक्यांची ती नक्षी, हेही पेन्सिलने लिहिलेलं. त्यातले बरेच कटर आजच्या नियमात बसत नाहीत, हाताने लाकूड सरकवताना ते लावता येत नाहीत. तरी आम्ही ते फेकत नाही. नवीन कटर घासून घ्यायचा असेल तर हा तुकडा पुढ्यात ठेवला की काम भागतं.

मशीन उघडायला घेतलं की आधी पान्यांचा प्रश्न. जुन्या ब्रिटिश मशीनवर नट-बोल्टचे सगळे आटे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ठरवून दिलेले, ५५ अंशांचे. त्या नटाला मेट्रिक पाना जवळपास बसतो, आणि हे 'जवळपास'च घात करतं, कारण दोन झटक्यांत नटाचे कोपरे गोल होतात. आणखी गंमत म्हणजे व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या व्यासाचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही. नवीन आलेला माणूस अर्धा दिवस चुकीचा पाना हातात घेऊन फिरतो.

रंग हे मालकाचं खातं. लोकांना वाटतं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गुळगुळीत असतं. बीडाचं ओतकाम मुळात खडबडीत असतं, कारखान्यात त्यावर जाड लांबी (पुट्टी) भरून, घासून मग रंग देत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काही ब्रिटिश मशीनवर 'वॉर फिनिश' अशी पाटीच लावलेली असते. म्हणजे लांबी-घासाईला वेळ नव्हता, दिसण्याला नावं ठेवू नका. अशा मशीनला आम्ही गुळगुळीत करत नाही, पाटीचा मान राखतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडी घासाई बंद. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि स्विचमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं, म्हणून तिथे तर हातच लावायचा नाही, तपासणी करूनच पुढचं.

बेअरिंगवर जुने शिक्के सापडतात: हॉफमन, चेम्सफर्ड, किंवा रॅन्सम अँड मार्ल्स, न्यूआर्क. १९६९ मध्ये या कंपन्या एकत्र येऊन आरएचपी झाली. बरीच मापं आजही सहज मिळतात. नवीन बेअरिंग शंभरेक अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर अलगद सरकवायचं. हातोडी दिसली तर मालक ओरडतो.

माझं खातं मोटारींचं. इंग्लंडमध्ये घरोघरी सिंगल फेज २३० व्होल्ट असते, आणि ही सगळी मशीनं थ्री फेज ४१५ ची. घरामागच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटणाऱ्याला वीज कंपनीकडून थ्री फेज लाइन घेणं परवडत नाही. म्हणून इन्व्हर्टर लावतो: सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर. पण व्होल्टेज तेवढंच राहतं, २३०-२४०. मोटारीतली तीन वाइंडिंगं दोन तऱ्हांनी जोडता येतात: तिन्हींचं एकेक टोक एका गाठीत म्हणजे स्टार, त्रिकोणात म्हणजे डेल्टा. मोटार स्टारमध्ये ४१५ ची असेल तर तीच डेल्टामध्ये २४० वर चालते, भागिले वर्गमूळ तीन. अडचण एवढीच की जुन्या मोटारीतून फक्त तीन वायरी बाहेर येतात. उरलेली तीन टोकं आत एकमेकांना जोडून, दोऱ्याने बांधून, वॉर्निश पाजून कायमची गाडलेली असतात.

तो स्टार पॉइंट शोधणं हा माझा आवडता उद्योग. मोटारीची बाजूची झाकणं काढायची, वाइंडिंगच्या कडेवर बोटांनी चाचपत जायचं. कुठेतरी जरा जाड, नळीत गुंडाळलेली गाठ लागते. तिथला दोरा ब्लेडने एकेक धागा कापायचा. वॉर्निश गरम हवेने मऊ करायचं, जास्त तापवलं तर आतलं इन्सुलेशन तडकतं. गाठ उघडली, तिन्ही टोकं मोकळी झाली की त्यांना नवीन लवचिक वायर डाखायची, काचेच्या धाग्याची नळी चढवायची, पुन्हा दोऱ्याने बांधून वॉर्निश. आता बाहेर सहा टोकं आली. कुठलं टोक कुठल्याचं जोडीदार, सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, हे मीटरने तपासूनच पट्ट्या लावायच्या. मग ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशनची तपासणी. काही मोटारी कारखान्यातूनच ४१५ ला डेल्टा असतात, त्यांच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. तिथे व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टरच घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, नंतर नाही.

मोटार चालली म्हणजे झालं असं नाही, ती थांबलीही पाहिजे. इथल्या १९९८ च्या कामगार-सुरक्षेच्या नियमांखाली, नोकर-माणसं काम करतात त्या जागी बंद केल्यावर कटर फिरत राहत असेल तर ब्रेक हवा, आणि मापदंड साधारण दहा सेकंदांत थांबण्याचा. बीडाच्या मोठ्या चाकांचा बँडसॉ (पट्ट्याची करवत) बंद करा आणि चहा टाकून या, तो फिरतच असतो. म्हणून आम्ही मोटारीला डीसी करंट देऊन थांबवणारा ब्रेक बसवतो. घरी हौसेने काम करणाऱ्याला हा नियम लागू नाही. तरी त्याच्याही मशीनला बसवतो. तो कुरकुरला तर कुरकुरला.

घेणारे कोण? थोडे हौशी, निवृत्त लोक. पण अख्खं वर्कशॉप घेतात ते बहुतेक खिडक्या-दारं बनवणारे तरुण. इथे वारसा म्हणून नोंदवलेल्या इमारतींच्या जुन्या सरकत्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवायला सहसा परवानगी मिळत नाही. लाकडाची खिडकी लाकडानेच दुरुस्त करावी लागते. त्यामुळे ज्या टेनोनरला हौशी माणूस ढुंकून बघत नाही, त्यावरच यांचं पोट चालतं.

पैशांचं एक. खासगी माणसाकडून घेतलेल्या जुन्या मालावर इथे मार्जिन स्कीम लावता येते: व्हॅट पूर्ण किमतीवर नाही, फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर, त्या फरकाचा सहावा भाग. ऐकायला छान. पण दुरुस्तीला लागलेली मजुरी त्या फरकातून वजा होत नाही, म्हणजे सहा आठवडे घाम गाळून वाढवलेल्या किमतीवरही कर आहेच. आमची हिशोबनीस हे दर तिमाहीला नव्याने समजावते, आणि मालक दर तिमाहीला नव्याने चिडतो.

हलवाहलवीवर फार लिहीत नाही. बँडसॉ वरून जड असतो, तो कलंडतो. प्लेनर त्याच्या टेबलाला पट्टा लावून कधीही उचलायचा नाही, बीड वाकत नाही, सरळ तुटतं. बाकी क्रेनवाल्या ट्रकचा ड्रायव्हर चांगला मिळाला तर निम्मं काम झालं.

गिऱ्हाइकाच्या जागेवर सगळं बसवून झालं की सॉ-मिलची एक ओबडधोबड फळी घेतो आणि ओळीने सगळ्या मशीनवरून काढतो. शेवटी तिची एक चौकट जोडायची आणि टेपने दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण जुळले की राहिलेले पैसे द्यायचे, असं आधीच ठरलेलं असतं. नाही जुळले तर मी आधी करवतीच्या फेन्सकडे जात नाही, प्लेनरकडे जातो. त्याचं पुढचं, म्हणजे फळी बाहेर पडते त्या बाजूचं, टेबल कटरच्या वरच्या टोकाच्या अगदी पातळीत लागतं. केसभर खाली असेल तर फळी संपताना शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडतो, केसभर वर असेल तर फळी निमुळती होत जाते. ट्रकमधून येताना हेच हलतं.