या वेळी एकच, आणि दिवाळीनंतर

आयव्हीएफनंतर गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्तचाचणीचा, बीटाचा, रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सहावी ‘ब’च्या वह्या तपासत होते. आकडा पाचच्या आत. म्हणजे काही राहिलेलं नाही. उरलेल्या वह्या संपवल्या आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले.

त्याला सहा आठवडे झाले. गर्भ टिकावा म्हणून घेतलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनांच्या गाठी अजून हाताला लागतात. औषध तेलातलं, पावसाळी गारठ्यात घट्ट. हे रोज रात्री काचेची कुपी तळहातात धरून कोमट करायचे, मग टोचायचे. एकदाही हात थरथरला नाही त्यांचा. उरलेल्या सुया फ्रिजवरच्या डब्यात तशाच आहेत.

पुण्याला लॅबमध्ये आमची अजून दोन भ्रूणं आहेत, पाचव्या दिवशी गोठवलेली, उणे १९६ अंशांत. डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या पाळीला पुन्हा प्रयत्न करू शकतो, थांबलात तरी हरकत नाही. सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नाही, “वय वाढतंय गं.” मलाही तीच धास्ती होती, मी अडतीसची. शेवटी डॉक्टरांना सरळच विचारलं, थांबले तर भ्रूणं खराब होतील? नाही म्हणाल्या. अंडी काढली त्या दिवशी जे वय होतं, तेच त्यांचं राहतं. कायद्यानं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला सलग झोप लागली.

मागच्या वेळी गर्भाशयाचं अस्तर जेमतेम सात मिलिमीटर होतं आणि घाईत आम्ही पुढे गेलो. या वेळी आधी दुर्बिणीनं पिशवी आतून बघून घेणार आहोत.

खरा वाद झाला तो या वेळी गर्भाशयात किती भ्रूणं ठेवायची, त्या संख्येवरून. हे म्हणाले, “दोन्ही ठेवू, एकदाचं होऊन जाईल.” त्यांचं चुकत नव्हतं, खर्च आणि कराड-पुणे खेपा त्यांनीच सोसल्यात. पण बहिणीच्या नणंदेची जुळी सातव्या महिन्यात झाली, चाळीस दिवस पेटीत होती. काचेला हात लावून उभी असलेली ती मी पाहिली आहे. शिवाय मागच्या वेळी दोन ठेवूनही हाती काही लागलं नव्हतं. मला एक मागे राखून ठेवायचंय. दोन दिवस अबोला झाला, मग तेच म्हणाले, “शरीर तुझं आहे. एकच ठेवू.”

दिवाळीच्या सुट्टीत पाळी येईल असा हिशोब आहे. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या, मग सोनोग्राफीला पुणे. मोठ्या बाईंकडे रजेचा अर्ज द्यायचाय. कारणाच्या ओळीत काय लिहावं, ते अजून सुचलेलं नाही.