लंडनमधलं एक जसंच्या तसं राहिलेलं घर

लंडनला पुतण्याकडे गेलो होतो तेव्हा एक अख्खी दुपार मी एका घरासाठी राखून ठेवली होती. राजवाडा वगैरे नाही, एका चित्रकाराचं घर, १८ स्टॅफर्ड टेरेस, केन्सिंग्टन. 'पंच' साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार एडवर्ड लिनली सॅम्बोर्न १८७५ मध्ये इथे राहायला आले आणि १९१० ला वारले तोपर्यंत इथेच राहिले.

बाहेरून काही वेगळं दिसत नाही, भिंतीला भिंत लागून ओळीने एकसारखी घरं. रुंदी कमी म्हणून सगळं उभं, स्वयंपाकघर तळघरात, जेवणाची खोली त्याच्या वर, दिवाणखाना त्याच्याही वर, मोलकरणीची खोली एकदम माथ्यावर, म्हणजे त्या बाईने दिवसातून किती जिने चढले असतील विचार करा, माझे तर एकदा चढूनच गुडघे बोलायला लागले.

दिवाणखाना मात्र बघतच राहावा असा! पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत सलग, रंगीत काचांतून येणारा मंद उजेड, आणि भिंतीवर एवढ्या फ्रेमा की मधे हात ठेवायला जागा नाही. आधी विल्यम मॉरिस या इंग्रज नक्षीकाराचे वॉलपेपर होते, नंतर सॅम्बोर्ननी त्यावर चामड्यासारखा दिसणारा सोनेरी जपानी कागद लावला, पण तो महाग, म्हणून फ्रेमांच्या मागे लावलाच नाही! मला हे इतकं आवडलं. दिवाळीला रंग काढताना कपाटामागची भिंत सोडून देणारे माझे आजोबाच आठवले.

बाथरूममध्ये संगमरवरी टब आहे, त्यात सॅम्बोर्न फोटो डेव्हलप करायचे. चित्रासाठी पोझ हवी की घरच्यांना, नोकरांना उभं करायचं आणि फोटो काढायचा, त्यावरून चित्र.

त्यांच्यानंतर मुलाने, मग नातीने घर फारसं न हलवता सांभाळलं. त्या काळी लोक व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली घरं जुनाट म्हणून पाडत होते, आणि अशी घरं वाचवायला जी व्हिक्टोरियन सोसायटी निघाली तिची कल्पना १९५७ मध्ये ह्याच घरात, ह्या नातीच्या पुढाकाराने पुढे आली. १९८० मध्ये घर सार्वजनिक मालकीत गेलं.

आमचा सदाशिव पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला, त्याचा एक कोयंडा तेवढा माझ्याकडे आहे. इथल्या जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत खाली उतरताना मी मुद्दाम सावकाश उतरलो.