व्याजापायी अडकलेला हप्ता

महापालिकेच्या परिवहन उपक्रमात लेखा विभागाला असताना केंद्राच्या अनुदानातून बसखरेदी आणि डेपोचं काम माझ्या टेबलावर होतं. प्रस्ताव, मंजुरी, पहिला हप्ता यांत सांगण्यासारखं काही नाही. स्वहिस्स्याचा, म्हणजे पालिकेने स्वतःच्या खिशातून घालायच्या रकमेचा, ठरावसुद्धा महासभेत फारशी खळखळ न होता झाला. गाडं अडलं ते उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आमच्या बोलीत यूसीवर. अनुदान कशावर खर्च झालं याचा हा दाखला, तो मान्य झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. तेही खर्चावरून नाही, व्याजावरून!

केंद्राचा पैसा कसा वापरायचा ते सांगणाऱ्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला २३०(८) वाचला नसेल तर आधी वाचा. अनुदानावर बँकेने दिलेलं व्याज आपलं नसतं. हिशेब अंतिम झाला की ते भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत, भरायचं. पुढच्या हप्त्यात वळतं करून घेण्याची सोय नाही. नियम रास्तच आहे. पण आमच्याकडे पुरवठादार बस देईना, पैसे खात्यात पडून, आणि त्याच खात्यात महापालिकेचा स्वहिस्सा. खातं मी या टेबलावर येण्याआधीच उघडलेलं. बँक व्याजाचा एकच आकडा जमा करते. त्यातलं केंद्राचं किती आणि आमचं किती?

आम्ही प्रत्येक बिल मंजूर प्रमाणात दोन्ही हिश्श्यांवर टाकलं, रोजची शिल्लक काढली आणि त्यावर व्याज वाटलं. यूसीच्या नमुन्यात मिळालेलं व्याज आणि सरकारला परत केलेलं व्याज असे शेजारीशेजारी रकाने असतात. दोन्ही भरले, सनदी लेखापालांची सही घेतली आणि नस्ती (फाईल) वरच्या कार्यालयात धाडली. परत आली. शेरा: ‘व्याजाचा तपशील जोडावा.’ तपशील जोडलेलाच होता! झेंडी लावून पुन्हा पाठवला. आता विचारणा, विभागणीचं सूत्र कोणत्या आदेशान्वये? असा आदेश कुणी काढलेलाच नव्हता, तो मी कुठून आणणार? मग काही आठवडे नस्ती ‘साहेबांच्या टेबलावर’. कुठल्या साहेबांच्या, ते फोनवर कुणी सांगेना. शेवटी तोंडी निरोप आला: सगळंच व्याज भरून टाका, विषय संपवा.

इथे मात्र मी अडून बसलो. स्वहिस्सा म्हणजे लोकांनी भरलेला मालमत्ता कर. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता जीएसटीच्या भरपाईवर आणि मालमत्ता करावर पालिका चालते. अनुदान बस घ्यायला मिळतं, पण चालक-वाहकांचे पगार, इंधन आणि दर महिन्याची तूट पालिकेच्याच तिजोरीतून जाते. त्या पैशावरचं व्याज आम्ही का सोडायचं? रक्कम फार नव्हती, हे कबूल. पण मार्चअखेर तोंडावर, डेपोचा ठेकेदार रोज दारात, आणि आम्हाला सल्ला काय, तर विषय संपवा.

मार्ग निघाला तो मुख्य लेखापरीक्षकांमुळे. त्यांनी विभागणीचा तक्ता तपासून प्रमाणित केला, आयुक्तांच्या सहीचं पत्र वर लावलं, केंद्राच्या वाट्याचं व्याज भारतकोष या सरकारी पोर्टलवरून भरलं आणि चलन जोडलं. मंजूर झालेला आकडा आमच्या पहिल्या तक्त्यातलाच, रुपयाचाही फरक नाही. तो तक्ता मी अजून जपून ठेवलाय.

तेव्हा स्वहिस्स्याला पहिल्या दिवसापासून वेगळं खातं. २०२१ मध्ये केंद्र पुरस्कृत योजनांना राज्यात योजनेमागे एकच नोडल (मध्यवर्ती) खातं आलं, तरी आपला हिस्सा आपण कुठे ठेवतो याकडे लक्ष हवंच. लेखापरीक्षकांकडे शेरा आल्यावर नाही, यूसी पाठवण्याआधीच जा. आणि तोंडी निरोपावर कधीच पैसे भरू नका. ‘लेखी द्या’ म्हटलं की निम्मे निरोप विरतात. यूसीची मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने असते, पण तेवढं थांबू नका, पुढचा हप्ता यूसीवरच अडतो.

हो, एक राहिलं. चलन भरताना मंत्रालय आणि लेखाशीर्ष (रक्कम ज्या सदरात जमा होते ते) नीट पाहून निवडा, आणि पावतीवर मंजुरी आदेशाचा क्रमांक येईल असं बघा. तो नसला की ते व्याज कुठल्या अनुदानाचं, हा पत्रव्यवहार नव्याने सुरू.