पडलेलाच काजू घ्यायचा

एप्रिल-मेत जांबोटीच्या रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग असते. चोर्ल्याचा घाट उतरून सगळ्यांना गोव्याला पोचायचं असतं. चहा, एक फोटो, आणि सुसाट. त्या रस्त्यापासून आत, खानापूर तालुक्यात माझ्या आत्तीचं घर आहे. रानात जरा निवांत पडावं म्हणून गेलो होतो. निवांत! ज्यानं काजूचा हंगाम बघितला नाही त्यानंच हा शब्द वापरावा.

जमीन थोडकीच. विहिरीजवळ मिरची आणि लाल माठाचे वाफे, खाली कापणी झालेली भाताची खाचरं, वर चढावर काजू. गुरं सुटायच्या आत बिया वेचायच्या, म्हणून आत्ती तांबडं फुटताच हाक मारते. पाचोळ्यात पडलेला बोंडू उचलायचा, बी पिळून काढायची, टोपलीत टाकायची. घाटाखाली याच बोंडवाची फेणी होते. इथं थोडे म्हैस खाते, बाकीचे झाडाखालीच कुजतात, आणि तो आंबूस वास दिवसभर नाकात बसतो.

हाताच्या उंचीवर एक लालभडक बोंडू होता. मी हात घातला.

"तोडू नकोस रे! पडूंदे की आपोआप."

कारण रोकडं आहे. बी पुरती भरली की बोंडू स्वतःच गळतो. आधी तोडलेली बी वाळल्यावर हलकी भरते, आत गर सुरकुततो, आणि व्यापारी मूठभर बिया हातात खुळखुळवूनच भाव पाडतो. म्हणजे डोळ्यांसमोर फळ लटकत असताना आपण मात्र जमिनीकडे बघत फिरायचं. वर लाल मुंग्या मानेत पडतात. माझी कंबर पहिल्याच सकाळी गेली. आत्ती सत्तरीची, ती पुढच्या झाडाखाली पोचलेली.

मधल्या दिवसांत कणकुंबीला जाऊन मलप्रभेचा उगम बघून आलो. बाकी वेळ फणस, आंबील आणि झोप.

निघायच्या आदल्या दुपारी बघतो तर आत्ती स्वतः आकडीनं झाडावरच्या हिरव्या बिया पाडत होती.

"आत्ती, आता तूच तोडालीस की!"

"ह्या काय विकायच्या न्हवं," एवढंच म्हणाली.

ओल्या काजूची उसळ शहरात मीही मागवून खाल्ली आहे, दराबद्दल कुरकुरत. ती बी सोलायची कशी हे मात्र कधी बघितलं नव्हतं. हाताला खोबरेल चोपडायचं, विळीवर बी उभी चिरायची, काडीनं गर सोडवायचा. टरफलातला चीक कातडी जाळतो. मग गर गरम पाण्यात टाकून वरचं साल काढायचं. दुपारभर बसून पातेलं अर्धंही भरत नाही. आत्तीच्या बोटांची टोकं काळी पडून सोलवटलेली होती, आणि ती हंगामाच्या सुरुवातीपासूनच तशी असणार. मी मदतीला बसलो तर विळी ओढून घेतली. वाळल्यावर पैसे देणाऱ्या बिया माझ्या ताटात चालल्या होत्या, याचा मला आनंद झाला आणि संकोचही. पाहुणचार ही आमच्याकडे एक दादागिरीच आहे. "अजून घे की," म्हणत तिनं तिसऱ्यांदा वाढली. संकेश्वरी मिरचीचं वाटण, वर ओलं खोबरं. मी नको म्हणालो नाही.

रात्री वीज गेली, तसे मामांनी पत्ते काढले. मेंढीकोट. मामा बोलत नाहीत, पण पडलेलं प्रत्येक पान त्यांच्या लक्षात असतं. माझ्याकडे बदामाची दश्शी होती, मी ती जिवापाड जपत होतो. शेवटी उतरावीच लागली आणि मामांनी हुकूम टाकून उचलली. कंदिलाच्या उजेडात तिची पाठ दिसली तेव्हा कळलं : कधीतरी लागलेल्या चिकाचा काळा डाग होता तिच्यावर, आणि तो डाग मी सोडून सगळ्या घराला पाठ होता.